नव्या आवृत्तीचा मुहूर्त

अख्ख्या ग्वाल्हेरात डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माणूस एकच, तो म्हणजे आमच्या शेजारचे काका. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच म्हणत, आणि वर 'सरासरीने' असं जोडायला विसरत नसत. शेतीच्या एका सरकारी कार्यालयात ते संख्याशास्त्राचं काम पाहत, पण ते काम कार्यालयात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलं नाही. महाराज बाड्याच्या बाजारात मटार घ्यायला गेले की टोपलीच्या चार कोपऱ्यांतून शेंगा उचलून सोलत आणि मगच टोपलीविषयी मत देत. भाजीवाला तोवर त्यांना बसायला स्टूल देई. काकूंच्या चहाच्या त्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या होत्या. त्यांवरून काढलेला निष्कर्ष, की काकू रागावलेल्या असल्या की चहा चांगला होतो, त्यांनी एकदा काकूंना ऐकवला. दुसऱ्या दिवशीचा चहा फारच उत्तम झाला होता म्हणे.

काकांचा सगळा जीव एका सॉफ्टवेअरवर. जगभरच्या हौशी विद्वानांनी मिळून लिहिलेलं, कुणीही फुकट उतरवून घ्यावं असं. त्याची नवी आवृत्ती आली की काका आंघोळ करून, संगणकाला हळदकुंकू वाहून ती बसवत, आणि पहिल्यांदा तिला काकूंच्या चहाचे आकडे खायला घालत. जुन्या आवृत्तीचं उत्तर आणि नवीचं उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत जुळलं की खिडकीतून मला हाक येई, "चहा जुळला रे!" मी बँकेतला माणूस, मला त्यातलं काही कळत नसे, पण पेढा मिळे.

मग सरकारने त्यांचं कार्यालय आणि शहराच्या मुरार भागातलं कार्यालय एक करायचं ठरवलं. दोन्हींचे साहेब एक, कपाटं एक, आकडेही एक. नवे साहेब मुरारचे. फुकट मिळणाऱ्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. काकांनी त्यांना गंगेचं पाणीही फुकटच मिळतं असं सुनावलं, त्याने काम आणखीच बिघडलं. सोमवारी दोन्हीकडच्या मोहरीचे आकडे एकत्र मांडून दाखवा, असा हुकूम निघाला. उत्तर धड आलं नाही तर सॉफ्टवेअर जाणार आणि त्याबरोबर काकांचा विभागही बंद होणार.

नेमकी त्याच आठवड्यात नवी आवृत्ती आली. चहा जुळला. पण मोहरीचं भलतंच निघालं. जे वाण दोन्हीकडे उत्तम पिकलं होतं, ते एकत्र मांडल्यावर पार बुडालेलं दिसू लागलं. रविवारी सकाळी मी गेलो तर काका दाढीही न करता बसलेले.

"चहा जुळला, म्हणजे सॉफ्टवेअर सही आहे," ते म्हणाले. "मग गलती माझी. आजवरच्या माझ्या सगळ्या रिपोर्टांत काय काय असेल, सांग."

इतका घाबरलेला माणूस मी पाहिला नव्हता. मलाच रडू यायला लागलं.

काकू आतून आमची वाटी घेऊन आल्या. आदल्या दिवशी आईने तिच्यातून घारगे पाठवले होते. वाटीत त्यांनी चमचाभर साखर घातली होती. मी म्हटलं, आत्ता कशाला. त्या म्हणाल्या, "रिकामी वाटी कशी देऊ? बरं दिसत नाही."

काका वाटीकडे बघत राहिले. मग ताडकन उठून संगणकाशी गेले. मुरारकरांच्या तक्त्यात जागोजाग रिकामे रकाने होते, कारण तिथला तोलणारा माणूस रजेवर गेला की तोलणंच राहून जाई. काकांच्या स्वतःच्या तक्त्यात रिकामा रकाना कधीच नसे. दुसऱ्याकडून आलेलं रिकामं कसं ठेवायचं, म्हणून भिडेपोटी त्यांनी सगळीकडे शून्य भरलं होतं. जिथे मोहरी तोललीच नव्हती, तिथे ती पिकलीच नाही असं ठरत होतं. त्यांनी शून्यं पुसली, पुन्हा बटण दाबलं, आणि मोहरी उगवून वर आली. काकांनी काकूंच्या पायाला हात लावला. काकू लाजून आत पळाल्या. मला इतकं हलकं वाटलं की वाटीतली साखर मीच खाऊन टाकली.

विभाग वाचला. काका तिथूनच निवृत्त झाले आणि मुलीकडे इंदूरला गेले. त्यांची एक वाटी आमच्याकडे राहून गेली आहे. परवा फोन आला, नवी आवृत्ती आली, चहा जुळला. मग म्हणाले, "आमची वाटी आहे ना तुझ्याकडे? पोस्टाने नको पाठवू. भरून घेऊन ये."

त्यांच्या घरात आता नवे भाडेकरू आले आहेत. माणसं भली आहेत. आईने पाठवलेली वाटी दुसऱ्याच दिवशी परत करतात, लख्ख घासून, रिकामी. ती हातात घेतली की मला काकांची फार आठवण येते.