दर रविवारचा एक वाचक

ऑफिसात नव्याने लागलेल्या पुण्याच्या मुलीने परवा विचारलं, "सर, मी ब्लॉग सुरू करतेय. टिप्स द्या ना. आणि प्लीज, लेक्चर नको."

"पान तयार झालं की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघ," मी म्हणालो.

"बस? एवढंच?"

एवढंच. पण ते शिकायला मला जवळजवळ वर्ष लागलं होतं.

तेव्हा मी नोएडात नवा होतो. सेक्टरही नवे होते, रुंद रस्ते आणि अर्धवट बांधलेल्या इमारती. घरातला मी पहिला पदवीधर, आणि नोकरीसाठी इतक्या लांब आलेलाही पहिलाच. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. खोलीवर आलो की मराठी बोलायला कुणी नाही. म्हणून ब्लॉग काढला. मराठी टायपिंग येत होतं, कारण कॉलेजच्या सुट्ट्यांत मी तालुक्याला लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे काम केलं होतं. त्याच दुकानातला फॉन्ट सीडीवर घालून आणला होता. माझ्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर पान अगदी लग्नपत्रिकेसारखं देखणं दिसायचं.

मी शिस्तीने ब्लॉग चालवायचो. दर शनिवारी एक नोंद, चार ओळींची का होईना. तारीख सगळ्यात वर, ठळक. प्रत्येक नोंदीची एक प्रत वेगळी जपून ठेवलेली. पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा होता. तो भराभर वाढायचा म्हणून मी खूश होतो. मग लक्षात आलं, मीच उघडून बघतोय आणि मीच मोजला जातोय. स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय शोधून काढली, तर आकडा थांबलाच. फक्त रविवारी दुपारी तो एकने पुढे सरकायचा.

तो एक म्हणजे बाबा. आमच्याकडे रविवारचा बाजार. मी चिठ्ठीवर लिहून दिलेला ब्लॉगचा पत्ता ते बाजार उरकल्यावर सायबर कॅफेवाल्याला दाखवत.

बाबा माझ्याच शाळेत शिपाई होते. दहावीला मी पहिला आलो. बक्षीस समारंभात ते पाहुण्यांना चहा देत देत माझ्यापर्यंत आले, हसले, आणि मी ओळख नसल्यासारखी मान वळवली. ते माझ्या मनातून कधी गेलं नाही. तोंडाने सांगणं जमणार नव्हतं, म्हणून ब्लॉगवर लिहिलं. चहाचा ट्रे, त्यांचं हसू, माझी मान, सगळं. शेवटी लिहिलं, बाबा, माफ करा.

रविवारी आकडा एकने वाढला. संध्याकाळी मी फोन केला.

"जेवलास का?"

"हो."

"मग ठीक."

पुढच्या रविवारीही एवढंच. मी समजलो, माफी नाही.

दिवाळीला घरी गेलो. रविवारी भाजीची पिशवी घेऊन बाबांबरोबर बाजारात गेलो, तर ते सवयीने कॅफेत शिरले. कॅफेवाला मला बघून म्हणाला, "या साहेब! तुमचं लिखाण काका दर आठवड्याला बघतात. आम्हाला काही ते झेपत नाही बुवा."

पान उघडलं. वरची इंग्रजी आकड्यांतली तारीख तेवढी नीट होती. खाली नुसती उलटीसुलटी इंग्रजी अक्षरं, मध्येच प्रश्नचिन्हं, मध्येच टोपी घातलेले ए. माझा फॉन्ट त्या कॉम्प्युटरवर नव्हता. माझा कॉम्प्युटर सोडला तर तो कुठेच नव्हता.

"बाबा, हे तुम्ही वाचत होता?"

"वाचतोय कशाचा? तुमच्या कंपनीचं इंग्रजी ते. मी तारीख बघतो. तारीख नवी असली की समजायचं, पोरगं बरं आहे."

"मला सांगायचं तरी!"

"आता म्हाताऱ्याने इंग्रजीत चुका काढायच्या का तुझ्या?" कॅफेवाला मोठ्याने हसला. बाबाही हसले. मला काही हसता आलं नाही.

नोएडाला परतल्यावर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणारं मराठी टायपिंग, शिकलो आणि सगळ्या नोंदी पुन्हा टाइप करायला बसलो. माफीची नोंद आधी केली. एका नोंदीपाशी मात्र हात थांबला. तीत लिहिलं होतं की आज शनिवारची सुट्टी, आणि दिवसभरात माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, दूधवाल्याला, "भैया, आधा लीटर." ही बाबांनी वाचायची का? वगळावी असं फार वाटलं. पण एक वगळली की दुसरीही वगळावीशी वाटेल, म्हणून ठेवली. मग ऑफिसातल्या तीन कॉम्प्युटरवर पान उघडून पाहिलं. तिन्हीवर मराठी दिसत होतं.

फोन नेहमी मीच करायचो. त्या रविवारी दुपारीच बाबांचा आला, बाजारातल्या बूथवरून.

"दिसलं आज," ते म्हणाले. "सगळं वाचलं. वेळ लागला."

मग तेच म्हणाले,

"ते चहाचं मला आठवत नाही. तूही सोड."

त्यांना आठवत होतं, हे आवाजावरून कळलं. मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. मी 'जेवलास का' याची वाट बघत होतो.

"आज कोणाशी बोललास का?" बाबांनी विचारलं.

"दूधवाल्याशी," मी म्हणालो. "आणि आता तुमच्याशी."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन न ठेवता भाजीचे भाव सांगू लागले.