तिथीची पाऊणपट

महिना होऊन गेला. दुपारी बाराच्या सुमारास मुलीचा फोन आला, "बाबा, आमचे अण्णा गेले..." आणि मी रडायचं सोडून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला भरती, आत्ता ओहोटी. मग मात्र मटकन खुर्चीत बसलो आणि हमसून हमसून रडलो. ही खोड मला त्याच माणसानं लावली होती.

अण्णा म्हणजे माझे व्याही. जन्म गेला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, पण डोकं सदा कोकणातल्या एका छोट्या बंदरात. त्यांचे आजोबा मालवाहू गलबतावर तांडेल होते, गलबताचे कप्तानच म्हणा ना. कौलं भरून आणलेलं ते गलबत बंदराच्या तोंडाशी, किनाऱ्यावरची घरं दिसत असताना, खडकावर फुटलं. आजोबा सापडलेच नाहीत. आजीनं पोरं उचलली नि घाट चढून नाशिकला आली. जिथं समुद्राचा आवाज येत नाही तिथंच राहायचं, हा तिचा हट्ट. गलबताचा सांगाडा अजून गाळात आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीलाच तेवढा उघडा पडतो. "आजोबांचं आमच्याकडे दुसरं काही नाही हो. एकदा हात लावायचाय," अण्णा म्हणायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तिथल्या कोळ्यांचं गणित त्यांना तोंडपाठ. संकष्टीला आपण चंद्राची वाट बघत उपाशी, आणि हे आपले तिकडची भरती सांगत बसणार! विहीणबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

माझं देवळाली कॅम्पात कापडाचं दुकान. समुद्राचं मला काडीचं कौतुक नाही, नुसतं अंग चिकचिकतं. पण व्याह्यांना नाही कसं म्हणणार? दोनदा गेलो. एकदा घाटात गाडी बंद पडली, एकदा अण्णाच वाटेत जेवायला बसले ते उठेचनात. दोन्ही वेळा पोचलो तेव्हा पाणी भरलेलं. "आपल्याला बघून तुमचं गलबत बुडी मारतं," मी म्हटलं. हसले, आणि परतीच्या वाटेवर पुढच्या अमावास्येची ओहोटी काढत बसले.

तिसऱ्या खेपेला वेळेत पोचलो. काळी लाकडं लांबूनच दिसली. पण तोवर अण्णांचे गुडघे गेलेले. चार पावलं गाळात टाकली नि थांबले.

"तुम्ही जा. माझ्या वतीनं हात लावून या."

"अहो, आजोबा तुमचे, आणि चिखलात मी?"

कुरकुरत, पँट वर दुमडून गेलो. लाकूड गार होतं, बुळबुळीत. का कोण जाणे, मी मोठ्यानं म्हणालो, "तुमचा नातू आलाय बरं का." परत येऊन हात धुवायला बाटली उघडली, तर अण्णांनी माझा चिखलानं भरलेला हात दोन्ही हातांत धरला आणि कपाळाला लावला. "राहू द्या जरा..."

त्यानंतर आमचा नमस्कार बंद झाला. भेटलो की आधी माझा उजवा तळवा हातात घ्यायचे, मग चहापाणी. लग्नकार्यातसुद्धा! लोक विचारायचे, अण्णा, हात कधीपासून बघायला लागलात?

फोन आला त्या दिवशी त्यांच्या घरी पोचलो. माणसं येत होती, हात जोडून बाजूला होत होती. मला हात जोडवेनात. शेजारी बसलो आणि उजवा हात त्यांच्या गार हातांत ठेवला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "उठा आता, उशीर होतोय."

विहीणबाई म्हणाल्या, "राहू द्या जरा..."