अण्णांच्या फोटोमागचा बंब

माझी सगळी नोकरी श्रीपूरला साखर कारखान्याच्या बॉयलरवर गेली. तो बॉयलर चार मजली होता आणि कुणाला शोधावा लागत नसे. निवृत्त झाल्यावर दाजींच्या गाडीतला बादलीएवढा बॉयलर शोधायला मला दोन दिवस लागले, ही गोष्ट मी जुन्या सहकाऱ्यांना अजून सांगितलेली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सोलापुरात भवानी पेठेत त्यांचा टॉवेलांचा छोटा कारखाना आहे. तो मुलाच्या हाती दिल्यावर दाजींनी मोटरहोम घेतलं. पलंग, ओटा, न्हाणी, संडास, सगळं पोटात घेऊन फिरणारी लांबलचक गाडी. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी ती बांधून घेतली होती. दोन सहली केल्या आणि ते मुलीकडे परदेशी कायमचे निघून गेले. गाडी दाजींना मिळाली. गाडीचं माहितीपुस्तक बहुधा परदेशी गेलं.

आम्हा तिघांची सहल ठरली होती हंपीमार्गे गोकर्णपर्यंत. अक्काला समुद्र बघायचा होता. पण तिने एक अट घातली, आणि तीही सगळ्यांसमोर, जेवताना.

"मी येते. पन सकाळी पैली आंगूळ माजी. कढत पान्याची. आन् पानी मी तापवनार न्हाय."

अट ऐकून दाजी हसले. मी हसलो नाही, कारण मला त्या घराचा इतिहास माहीत होता. लग्न होऊन आल्यापासून पहाटे बंब पेटवण्याचं काम अक्काकडे होतं. सासरे, म्हणजे अण्णा, बारा महिने गार पाण्याने अंघोळ करत आणि तसं करतो हे आल्यागेल्याला सांगत. बाकी सगळे कढत पाण्याने अंघोळ करत आणि त्याबद्दल काही बोलत नसत. अक्काची पाळी शेवटची. तोवर बंबात निखारे उरलेले असत, पाणी नसे. पुढे गॅसचा गीझर आला, मग गच्चीवर सोलर आला. सोलरचं पहिलं पाणी कारखान्यात जायची घाई असलेल्यांना. अक्काला कसली घाई? तंत्रज्ञान बदलत गेलं, नंबर बदलला नाही.

शुक्रवारी निघायचं होतं. सोमवारी गाडीचं उद्घाटन झालं. गाडीची पूजा समजू शकतो; चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, एवढं आम्ही सायकललाही करतो. पण दाजींनी मांडव घातला, लाल फीत बांधली आणि एका माजी नगरसेवकांना बोलावलं. माजी असल्यामुळे ते वेळेवर आले. या गाडीमुळे सोलापूरचं नाव पर्यटनाच्या नकाशावर कोरलं जाईल, असं ते म्हणाले. गाडीच्या उजव्या अंगावर, मागच्या चाकापासून थेट टपापर्यंत, अण्णांचा फेटा बांधलेला रंगीत फोटो होता आणि खाली 'आमचे प्रेरणास्थान' असं लिहिलं होतं. अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली. हयातीत ते एसटीच्या पलीकडे कशात बसले नव्हते.

फीत कापल्यावर पाहुण्यांना आत नेलं. दाजींनी न्हाणीतला तांबडी खूण असलेला नळ सोडला आणि म्हणाले, "हात लावून बघा साहेब."

साहेबांनी दोन बोटं धारेखाली धरली. "वा! चांगलं गरम आहे!" टाळ्या झाल्या.

त्यांच्या मागे अक्का उभी होती. तिने हात धरला, काढला, पदराला पुसला आणि बाहेर आली. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बर्फ हाय बर्फ. सायबाची कातडीच जाड असंल."

मांडव उतरायच्या आत ही बातमी दाजींना कळली. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मेव्हणे, तुमी बॉयलरवाले. जरा बघा की. बटण दाबलं की दिवा लागतोय, टकटक वाजतंय, अन् मग तांबडा दिवा लागून गप."

"टकटक कुठून येतं?"

"गाडीतनंच येतंय."

एवढ्या माहितीवर मी कामाला लागलो. पलंगाच्या फळ्या उचलल्या; खाली गाद्यांच्या खोळी आणि पुण्याच्या गृहस्थांची एक छत्री. ओट्याखाली गॅसची टाकी होती, तिथून तांब्याची नळी मागे जात होती. ती नळी बाकड्याच्या पोटात शिरून एका प्लायवूडमागे गायब झाली. मंगळवारी दुपारी मी ते प्लायवूड सोडवलं. मागे थर्मोकोलमध्ये गुंडाळलेली टाकी दिसली. दोन पाण्याचे पाइप, एक गॅसची नळी, चार वायरी. ना झाकण, ना बर्नर, ना पाणी काढायची जागा.

"सापडला?" दाजींनी खिडकीतून विचारलं.

"पाठ सापडली. तोंड सापडत नाही."

आगीला हवा लागते आणि धूर बाहेर जावा लागतो. चार मजली असो की बादलीएवढा, यात सूट नाही. तेव्हा या बंबाचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला असणार आणि त्यावर जाळीचं दार असणार. मी बाहेर येऊन पाहिलं तर त्या अंगावर जाळी नव्हती. अण्णा होते.

बुधवारी सकाळी मी टेप घेऊन आलो. आतून मागच्या चाकापासून टाकीपर्यंतचं अंतर मोजलं, जमिनीपासूनची उंची मोजली, आणि तेच माप बाहेर धरलं. टेपचं टोक अण्णांच्या मिशीखाली आलं. बोटाने टकटक केलं. फेट्यावर भरीव आवाज आला. हनुवटीपासून दुसऱ्या गुंडीपर्यंत पोकळ.

फोटो लावणाऱ्याला बोलावलं. जवळच त्याचं गाड्यांना स्टिकर लावायचं दुकान आहे. पन्नाशीचा, नीटस दाढी राखलेला, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस.

"इथं काही जाळी होती का हो?" मी विचारलं.

"थी ना साब! इत्ती मोठी जाळी होती. चुलीसारखी काळी."

"मग?"

"मग क्या? जाळीवर फोटू मारला असता तर अण्णासाबांच्या हनुवटीवर पट्ट्या पट्ट्या आल्या असत्या. सेठ बोलले, वडिलांचा चेहरा एकदम साफ पायजे. मी आधी पत्रा ठोकला, रिपीट मारले, त्याच्यावर फोटू. बघा हात फिरवून, रिपीट घावतोय का!"

खरोखरच एकही रिव्हेट हाताला लागत नव्हता. इतकं सफाईदार काम मी कारखान्यातही क्वचित पाहिलं. जगात दुसऱ्या कुणी गरम पाण्याच्या बंबाचा श्वास असा बंद केला असता की नाही, सांगता येत नाही. पण आमच्याकडे वडिलांचा फोटो आणि वायुवीजन यांत निवड करायची वेळ आली, तर कुणी विचारायलाही थांबत नाही.

मी आधी गॅसची टाकी बंद केली आणि बटणावर चिकटपट्टी लावली. मग दाजींना सांगितलं की हवा नसल्यामुळे तो पेटत नव्हता, हे नशीब. अर्धवट पेटला असता तर धूर आत शिरला असता आणि गोकर्णच्या आधीच सगळ्यांचा प्रवास संपला असता. दाजींचा चेहरा उतरला.

"मग काय करायचं?"

"पत्रा कापायचा. जाळीएवढा."

"म्हंजे... अण्णांना?"

"हनुवटीपासून दुसऱ्या गुंडीपर्यंत."

दाजी फोटोकडे बघत उभे राहिले. ते तसे भाविक नव्हेत, हिशेबी आहेत. पण वडिलांपुढे त्यांचं वय कायम बारा असे, आणि फोटोपुढेही तेच. त्यांनी स्टिकरवाल्याला विचारलं, फोटो अख्खा काढून डावीकडे लावता येईल का. तो म्हणाला, निघताना फाटणार; नवीन छापून आणायला आठवडा. शुक्रवार परवावर होता.

"असं करू," दाजी म्हणाले. "हा बंब राहू द्या बंदच. आत शेगडी हाय की. सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी तापवायचं. हाय काय अन् न्हाय काय."

अक्का दारात शेंगा निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"कोन तापवनार?"

 स्टिकरवाला उगाच आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"अगं, तसं न्हवं..." दाजी म्हणाले.

"तसं न्हवं तर कसं? सांगा की. पाटं उठून शेगडी कोन पेटवनार? तुमी? ह्यो?" ह्यो म्हणजे मी. "का अण्णा खाली उतरनार?"

शेंगांचं सूप बाजूला ठेवून ती उठली. "मी हितंच बरी. सोलर हाय, तुमच्या मागनं का हुईना, कोमट तरी येतंय. तुमी दोगं जावा. समुद्राला माजा निरोप सांगा." आणि आत गेली.

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. रागावलेल्या अक्काची समजूत काढता येते. तिने निर्णय घेतला की मग काही करता येत नाही. हे आमच्या वडिलांनाही माहीत होतं.

दाजी बराच वेळ गाडीपाशी उभे होते. मी फोटोवरून बोटाने चौकोन काढून दाखवत होतो, ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग एकदम म्हणाले, "अण्णांना गरम पाण्याचं लई वावडं होतं बगा. म्हणायचे, गरम पाणी बायकी."

"ठाऊक आहे. मलाही सांगितलं होतं. दोनदा."

"सांधे धरले होते त्यांचे शेवटी. गुडघा वाकत न्हवता. हिनंच शेकलं की रोज. गरम पाण्याच्या पिशवीनं." ते स्टिकरवाल्याकडे वळले. "द्या हिकडं."

त्यांनी स्टिकरवाल्याच्या हातातला कटर घेतला. मला वाटलं ते नमस्कार करतील. तो त्यांनी केला, पण घाईत. मग पट्टी धरून फोटोवर सरळ चौकोन कापला. हात टॉवेल कापायला सरावलेला. रेघ वाकडी गेली नाही. पुढचं काम स्टिकरवाल्याने ग्राइंडरने केलं. पत्र्याचा तुकडा सुटला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांत झेलला, जमिनीला लागू दिला नाही.

आत जाळीचं दार होतं आणि दारामागे बंबाचं तोंड. बर्नरच्या नळीत कोळ्यांनी घर केलं होतं; ते ब्रशने काढलं. वरची प्रेशरची कळ उचलून दाब सोडला, मग खालचा बोल्ट पान्याने सैल केला. बोल्टाबरोबर एक लांब दांडी बाहेर येते. ती आली, पण दांडी अशी राहिलीच नव्हती. तारेवर चिकटलेले खडबडीत पांढरे तुकडे फक्त. मागोमाग गढूळ पाणी आणि क्षाराचे पापुद्रे पडले, खडूच्या चुऱ्यासारखे. पुण्याच्या गृहस्थांनी गाडीच्या पडद्यांची निगा चांगली राखली होती.

ग्राइंडरच्या आवाजाने अक्का पुन्हा दारात आली होती. तिने आधी अण्णांच्या गळ्यातला चौकोन पाहिला, मग दाजींच्या हातातला कटर.  खाली पडलेली दांडी उचलून विचारलं, "ह्ये काय?"

"टाकीत असते. टाकी गंजू नये म्हणून तिच्या आधी ही झिजते. मुद्दामच घालतात."

तिने ती उलटसुलट करून पाहिली. "आन् संपल्यावर?"

"नवी घालायची."

"बरं हाय हिचं," ती म्हणाली आणि दांडी कचऱ्याच्या बादलीत टाकून आत गेली.

नवी दांडी सोलापुरात मिळाली नाही. एका गीझर दुरुस्त करणाऱ्याकडून घरगुती गीझरची घेतली आणि लेथवर तिला आटे पाडून घेतले. टाकीत लिंबूसत्वाचं पाणी भरून रात्रभर ठेवलं, गुरुवारी सकाळी तीनदा धुवून काढलं. आट्यांना पांढरी टेप गुंडाळून दांडी बसवली, टाकी काठोकाठ भरली, गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून पाहिला. मग चिकटपट्टी काढून दाजींना बटण दाबायला सांगितलं. टकटक झाली, भप्प असा आवाज आला आणि जाळीआड निळी ज्योत दिसली. स्टिकरवाला कापलेला तुकडा बिजागरीवर बसवायला आला होता. आता त्याचं दार झालं: बंब पेटवताना उघडायचं, एरवी बंद. दार उघडं असलं की अण्णा मिशीखाली एकदम संपत. तो म्हणाला, "अब अण्णासाब सांस ले रहे।" कुणी हसलं नाही, पण कुणी रागावलंही नाही.

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मी सामान घेऊन पोचलो. गाडी दारातच उभी होती. अण्णांच्या गळ्यावरचं दार उघडून ठेवलेलं, ज्योत चालू. दाजी खांद्यावर स्वतःच्या कारखान्याचा टॉवेल टाकून पायरीपाशी उभे. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत राहिला.

"टाकी किती लिटरची म्हणालात?" दाजींनी विचारलं.

"वीस."

"एवढीच?"

आवाज थांबला. अक्का बाहेर आली. केस ओले, चेहरा लाल, खांद्यांवरून वाफ निघत होती. ती पायरी उतरून उन्हात उभी राहिली. मी तिला इतक्या सकाळी काही न करता उभी राहिलेली कधी पाहिली नव्हती.

दाजी आत गेले. नळ सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दाजींचा.

"अगं, गारठलंय की हे!"

"थांबा की मग. तापंल अर्ध्या तासात." ती केस झटकत म्हणाली. "न्हायतर करा तसंच. अण्णा करायचे की."