फाटकावरचे मामसासरे

रेल्वेचं फाटक पडलं की ज्याला आनंद व्हायचा असा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या नशिबाचा भाग. बाकीचे आम्ही सगळे त्या फाटकाला शिव्या घालतच मोठे झालो. कोळशाची मालगाडी यायची म्हटलं की अर्धं गाव इकडे तुंबायचं, अर्धं तिकडे. कोणी स्कूटर बंद करून तिच्यावर पेपर वाचायचा, कोणी चालूच ठेवून मागच्याच्या तोंडात धूर सोडायचा, आणि माझ्यासारखे शाळामास्तर घड्याळाकडे बघत आज हेडमास्तरला कोणतं कारण सांगावं याचा विचार करायचे. मामा मात्र घंटी वाजली की सपरीतून उठायचे. सपरी म्हणजे आमच्याकडची घरासमोरची, रस्त्याला लागून असलेली ओसरी. धोतर झटकायचे, टोपी सारखी करायचे आणि पाहुणे आल्यासारखे लगबगीनं फाटकाकडे निघायचे. मामी हयात असताना विचारायच्या, आता कुठे निघालात. 'मानसं आली ना,' मामा म्हणायचे.

त्यांची सगळी हयात राइस मिलमध्ये मिस्त्री म्हणून गेली. मशिनीच्या खडखडाटावर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांनी कानात सांगितलेली गोष्ट पुढची गल्लीसुद्धा ऐकायची. दवनीवाडा सोडून ते गोंदियात आले तेव्हा मालकानं मिलच्या मागे, झाडाखाली, शांत अशी खोली देऊ केली होती. मामांनी ती नाकारली आणि फाटकाला चिकटलेली जागा घेतली, जिथे गाडी गेली की कपबश्या फळीवर नाचत पुढे यायच्या. मी एकदा कारण विचारलं. 'शांत जागी कायले राहू? शांत जागा शेवटी सगळ्याइलेच भेटते,' असं म्हणाले आणि पुढच्या गाडीची घंटी वाजली म्हणून मला तिथेच सोडून गेले. घराला त्यांनी कधी कुंपण घातलं नाही. सपरीत एक बाक आणि पाण्याचा माठ. फाटकावर थांबलेला कोणीही येऊन बसावं, पाणी प्यावं, आणि त्या बदल्यात आपल्या घरची हकीकत सांगावी, एवढीच त्यांची अपेक्षा असायची. जुन्या वस्तीत कोणाच्या घरी धान उतरलं, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे येऊन गेले, कोणाचा पाय मोडला, हे त्या बाकावर बसल्या बसल्या कळायचं. त्याला कोणी काही नाव दिलं नव्हतं. आम्ही त्याला ट्राफिक जाम म्हणत होतो.

एका बाबतीत मात्र मामा कडक होते. फाटक बंद म्हणजे बंद. दांड्याखालून वाकून जाणाऱ्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. भल्याभल्यांना त्यांनी त्या आवाजात परत फिरवलं होतं. एका लग्नाच्या वरातीतला नवरदेव वाकला, तर त्याला घोड्यावर परत चढायला लावलं. माझं लग्नही याच कडकपणातून जमलं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो आणि रोज दहाच्या सुमारास त्या फाटकाशी सायकल धरून उभा असायचो. मामांनी मला वर्षभर न्याहाळलं. पोरगा एकदाही दांड्याखालून गेला नाही, हे त्यांनी हेरलं आणि भाचीसाठी मला मागणी घातली. 'जो मानूस फाटकाखालून पळत नाही, थो बायकोलेही सोडून पळत नाही,' हे त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलेलं वाक्य आजही आमच्या घरात आदरानं सांगतात. खरी गोष्ट अशी, की माझी कंबर धरलेली होती आणि मला वाकता येत नव्हतं. इतकी वर्षं झाली, मी ते बायकोला सांगितलेलं नाही. आता सांगून काय उपयोग, आणि अंगात तेवढा दमही उरलेला नाही.

फाटकाजवळ राहण्याचं खरं कारण मात्र पलीकडे होतं. मामांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या बायकोची मावशी, रुळांच्या त्या बाजूला दिलेली होती. इकडून हाक मारली तर तिकडे ओ येईल इतक्या अंतरावर. मामांनी तिच्यासाठी आलेली दूरची दोन चांगली स्थळं नाकारून हे घर पाहिलं होतं आणि ते मोठ्या अभिमानानं सांगायचे, बहीण दिली पण नजरेआड नाही दिली. रोज सकाळी दहाच्या मालगाडीला मामा इकडच्या दांड्यापाशी आणि मावशी तिकडच्या दांड्यापाशी उभी राहायची आणि दोघांचं बोलणं चालायचं. मधे गाडी आली की वाक्य तिथेच थांबे. डब्यांमागून डबे जात, मामा तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे, आणि शेवटचा डबा सरकला की 'तर मी काय म्हनत होतो' वगैरे काही न म्हणता नेमक्या पुढच्या शब्दापासून सुरुवात. 'वांगे आन—' इथे गाडी यायची आणि '—ले नाहीत, भेंड्या आनल्या,' हे ती गेल्यावर ऐकू यायचं. फाटकावरच्या शंभर माणसांना त्या दिवशी मामांकडे कोणती भाजी आहे ते ठाऊक असे. फाटक उघडलं की दोघं आपापल्या घरी परत. कधी मामा पलीकडे जाऊन चहा घेत, कधी मावशी डबा घेऊन इकडे येई.

मग मावशीच्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं तो दिवस आला. दवाखाना इकडच्या बाजूला. ऑटो फाटकापर्यंत आला आणि घंटी वाजली. एकापाठोपाठ दोन गाड्या गेल्या. मामा इकडे उभे होते, त्यांचा तो आवाज त्या दिवशी फाटकवाल्यालाही हलवू शकला नाही. फाटक उघडलं तेव्हा ऑटोला घाई उरली नव्हती. त्यानंतर महिनाभर मामा घंटीला उठले नाहीत, आणि उठले ते हातात एक फाइल घेऊन. उड्डाणपूल पाहिजे. ज्या फाटकावर त्यांनी आयुष्य काढलं, ते कायमचं जावं म्हणून त्यांनी त्याच फाटकावर उभं राहून सह्या गोळा केल्या. सह्या भराभर मिळाल्या, कारण लोक थांबलेलेच होते आणि वैतागलेलेही. मालगाडी जितकी लांब तितकी त्या दिवशीची यादी लांब. अर्ज मी लिहून दिला होता. मामांनी तो तीनदा वाचून घेतला आणि शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ घातली: 'फाटकाचा त्रास कायमचा मिटवावा.'

सरकारी कामाला लागायची तितकी वर्षं लागली, पण पूल झाला. आमच्या भागात मागितलेली गोष्ट मिळते याची सवय नसल्यानं लोक भांबावलेच. मामांनी पहिल्याच दिवशी मावशीला ऑटोत बसवून पुलावरून दोनदा इकडून तिकडे नेलं. तिसऱ्या दिवशी फाटकाचे दांडे काढून नेले. आठवडाभरात रुळांच्या दोन्ही बाजूंनी भिंत उभी राहिली, पुरुषभर उंच. पुलाचं एक टोक मामांच्या घरापासून किलोमीटरभर मागे, दुसरं पलीकडे तेवढंच लांब. पायी चालणाऱ्याला बाजू नाही, चढायला जिना नाही. पुलाचा चढ नेमका मामांच्या सपरीसमोरून गेला. बाक, माठ सगळं जागच्या जागी, समोर मात्र सिमेंटची भिंत, आणि वरून जाणाऱ्या गाड्यांचा नुसता आवाज. चहाची टपरी गेली, पंक्चरवाला गेला, आणि माठातलं पाणी दुसऱ्या दिवशी तेवढंच उरायला लागलं. मामा कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे जुनी फाइल काढली आणि त्यांच्याच अक्षरातली ओळ त्यांना दाखवली. जिन्याचं यात काही नाही म्हणाले. फाटक मिटवा असं तुम्हीच लिहिलंय. मामांनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि घरी आले. मला एवढंच म्हणाले, 'जवाईबापू, मी पूल मागतलो. रस्ता बंद करा म्हनून कोनं मागतलं जी?' अर्ज मीच लिहिला होता.

तिकडे जायचं तर ऑटो लागतो. पहिल्याच ऑटोवाल्यानं त्यांना विचारलं होतं, 'चाचा, सामने ही तो है, इतने के लिए घूम के कौन जाएगा?' मामा म्हणाले, समोर आहे हे मलाही दिसून राहिलं. मोबाइल बाहेरगावच्या मुलानं दिलेला आहे, पण त्याच्यावर ते बहिणीशी बोलत नाहीत. 'फोनवर बोलाले बहीन का मुंबईले देली? समोर देली,' हे त्यावरचं उत्तर. मग त्यांनी नवी फाइल काढली, जिन्यासाठी. आणि तिथे त्यांना पहिल्यांदा कळलं, की सह्या करायला माणूस थांबावा लागतो. पुलाच्या तोंडाशी फाइल घेऊन ते उभे राहिले, तर लोकांना वाटलं हेल्मेट तपासणी आहे. दोन-चार जण तिथूनच गाडी वळवून पळाले. महिनाभरात अकरा सह्या झाल्या. त्यांतल्या दोन आमच्या घरच्या.

मीही त्याच पुलावरून जातो. रोज माझी वीस मिनिटं वाचतात. ती कुठे जातात मला खरोखर कळत नाही. शाळेत लवकर पोचून मी जास्त थकतो, एवढंच लक्षात आलं आहे. पूर्वी उशीर व्हायचा, पण दहा माणसांनी 'काय मास्तर' म्हटलेलं असायचं. आता शेजारच्या गल्लीतला माणूस वारला हे मला तेराव्याच्या पत्रिकेवरून कळतं. एकदा असाच पुलाच्या मध्यावर स्कूटर अडखळली म्हणून थांबलो आणि सहज खाली पाहिलं. दहाची वेळ होती. इकडच्या भिंतीला लागून मामा उभे होते. तिकडच्या भिंतीला लागून स्टुलावर मावशी बसली होती. दोघांना एकमेकांचं काही दिसत नव्हतं. मामा मिलच्या आवाजात भिंतीला सांगत होते, आज भात जरा मऊ झाला. मावशीचा आवाज म्हातारपणानं बसलेला, तो भिंत ओलांडून येत नव्हता. ती नुसतीच मान हलवत होती. दोघंही एकदम दिसतील अशी जागा सगळ्या गोंदियात एकच होती, आणि तिथे मी उभा होतो. मामांनी मला पाहिलं. 'ते येऊन बसली काय जी?' त्यांनी खालून विचारलं. मी हात वर केला.

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज दहाला मी पुलावर थांबतो, मागच्यांच्या शिव्या खातो, खाली पाहतो आणि हात वर करतो. मग मामा बोलायला सुरुवात करतात. गाडी आली तर थांबतात आणि गाडी गेली की पुढच्या शब्दावर येतात.

धानाची कापणी चालू होती त्या दिवसांत एका सकाळी स्टूल रिकामं दिसलं. मामांनी वर पाहून विचारलं आणि माझा हात आपसूक वर गेला. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तो म्हातारा माणूस मान वर करून उभा होता आणि माझ्याच्यानं दुसरं काही झालं नाही. मामा बोलायला लागले. लाखोरीची डाळ शिजत नाही, मिलमधला एक जुना सोबती भेटला, फाइलवर बारावी सही झाली. रिकाम्या स्टुलाला त्यांनी सगळं सांगितलं, उन्हात बसू नको म्हणून बजावलं आणि घरी वळले. मी शाळेत अर्धी रजा कळवून पूल उतरलो आणि मावशीकडे गेलो. पूल झाल्यापासून मी तिच्या घरी गेलोच नव्हतो; रोज तिच्या कौलांवरून जात होतो. ती तापानं खाटेवर पडली होती. मला पाहून म्हणाली, 'दादाले सांगजा, बसली होती म्हनून.' ते मी आधीच सांगितलंय, असं म्हटल्यावर हसली. खाटेवरून तिला सगळं ऐकू आलं होतं. डाळीत त्यानं पाणी कमी घातलं असणार, असं तिचं मत पडलं.

संध्याकाळी मामांकडे गेलो. ते सपरीत बाकावर बसले होते, समोरच्या सिमेंटकडे तोंड करून. मी शब्द जुळवत होतो, तर तेच म्हणाले, ताप उतरला का तिचा. भाच्याचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा, फोन त्यांना सकाळी आठलाच आला होता. मग दहाला मला कशाला विचारलंत, मी म्हटलं. माझा आवाज जरा चढला असेल. दिवसभराचा थकलो होतो आणि लाजही वाटत होती. मामांनी माठातलं पाणी काढून माझ्या हातात दिलं. वरून गाड्या जात होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं.

'जवाईबापू, ते नसली तरी हात वर करत जा. तेवढ्यासाठी तरी एक मानूस पुलावर थांबते.'

मी हो म्हणालो आणि पाणी प्यायलो. चार दिवसांनी मावशी परत स्टुलावर दिसली. मी हात वर केला, आणि मामांचं बोलून होईपर्यंत खाली घेतला नाही.