परत केलेली सुपारी

लग्नाची सुपारी घेण्याआधी स्वतः नवरी बघायला जाणारा बँडवाला मी काष्टीत एकच पाहिला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्यांचा गाळा होता. रविवारी चर्चमध्ये पेटी, एरवी लग्नात क्लॅरिनेट, आणि रुबाब दोन्हीकडे सारखाच.

मुलीच्या घरी गेले की ते आधी पाणी मागायचे. मुलगी तांब्या घेऊन आली की सहज विचारायचे, "कितवीला हायेस गं?" पढवलेली मुलगी "बारावी झाली" म्हणाली, तर पुढचा प्रश्न तयार, "मग बारावीला इंग्रजी कोन शिकवायचं?" ती गडबडली की सुपारी तिथंच परत. शिव्या खाऊन यायचे आणि मला ऐटीत सांगायचे, "ताई, अठराच्या आतलं लगीन लावनारा जसा आत जातो, तसा वाजवनाराबी. कायदाच हाय तसा." "मास्तर, तुम्ही बँडवाले की फौजदार?" असं मी चिडवलं की खूश व्हायचे.

श्रीगोंद्याकडच्या एका वस्तीवरच्या मनीषाच्या घरीही ते असेच गेले. तिनं पढवलेलं काही सांगितलंच नाही. "नववी," एवढंच म्हणाली आणि मास्तरांकडे बघत उभी राहिली. मास्तरांनी तिच्या बापाला झापलं, सुपारी परत केली आणि हसत दुकानात आले. "बिनवाज्याचं लगीन कुनी लावतंय व्हय? पोरीची चार वर्सं तरी सुटली." त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. उभा जन्म त्यांनी वाजत-गाजतच लग्नं पाहिलेली. बालविवाह थांबवायचा अधिकार ग्रामसेवकाला असतो, त्याला कळवावं, हे काही त्यांना सुचलं नाही.

आठवड्याच्या आत मनीषाचं लग्न झालं. शेवगावकडे, नवऱ्याच्या घरात, दार लावून, बिनवाज्याचं.

पुढे एका बाजारच्या दिवशी ती मास्तरांना भेटली. कडेवर मूल होतं. रागावली नाही, रडली नाही. "मास्तर, तुमी उठून गेलात, तवा मला वाटलं, तुमी कुनाला तरी घेऊन येताल. मी वाट बघत हुते."

त्यानंतर मास्तर सुपारी परत करून आले की गाळ्याच्या दारात उभे राहून, साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ग्रामसेवकाला फोन लावायचे. काही लग्नं थांबली. मास्तरांना बोलावणंही थांबलं. लोक डीजेकडे वळले, तो कुणाला काही विचारत नव्हता. मला त्या लोकांचा आजही राग येतो.

मास्तर गेले त्याच्या थोडे दिवस आधी मी त्यांना भेटायला गेले होते. खाटेवर पडून होते, आवाज पार बसलेला. बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मास्तर, तुमच्यामुळं किती पोरी शाळेत राहिल्या."

त्यांनी हातानंच मला थांबवलं.

"त्या ऱ्हाऊ द्या, ताई. मनीषा तिकडं वाट बघत हुती. आन मी सुपारी परत केली, घरी आलो, पोटभर जेवलो."