वावराच्या रंगाच्या ताटल्या

सावंगीच्या दवाखान्यातली लॅबची नोकरी मी सोडली, त्याला बरीच वर्षं झाली. पण पुलगावकडच्या आमच्या गावात मी अजून तिथंच रक्त तपासत होते, कारण कुणीही विचारलं की बाबा तेच सांगायचे. पोरगी पिपरीला घरामागे गॅसची भट्टी लावून मातीच्या ताटल्या-वाट्या घडवते, हे त्यांच्या तोंडून निघतच नसे. "आपण वावरवाले लोक. मडके घडवते म्हणून सांगू काय लोकायले?" मला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

मग मीही हट्टाला पेटले. नागपूरच्या प्रदर्शनात मांडायचं तर आपल्याच वावराच्या रंगाचं, असं ठरवून टाकलं. काळ्या मातीची भांडी होत नाहीत, वाळतानाच उलतात. ते भोग माझे भोगून झाले होते. पण तीच माती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, राखेत कालवून तयार ताटलीवर लेप म्हणून चढवली, तर कडक आचेत ती गुळासारखी वितळते आणि काचेसारखी बसते. "बाबा, वावरातली चुंगडीभर माती आणता का?" एवढंच मी फोनवर म्हटलं.

कुरकुरत का होईना, त्यांनी मोटरसायकलला बांधून आणली. चाळलेली, खडा-काडी वेचलेली. मी खूश. आणि भट्टी उघडली तर एकूण एक ताटलीवर फोड, गोवर निघाल्यासारखे. माझं डोकंच फिरलं. लगेच फोन लावला.

"बाबा, मातीत काय टाकलं होतं?"

"कुजलेलं शेणखत टाकलं ना. तुले नुसती माती कशी देऊ?"

शेणखत आचेत जळलं, त्याचा धूर लेपातून फुटला; फोड त्याचेच. माती चांगली करून द्यायची म्हणजे खत घालायचं, एवढंच त्या माणसाला ठाऊक. कपाशीच्या वाट्याचं खत त्यांनी माझ्या चुंगडीत घातलं होतं. आधी रडू आलं, मग हसू.

"आता बांधावरची आणा. खत न घातलेली."

"तशी निकस माती नेऊन काय करतं, बाई?"

"आणा तर खरं."

दुसऱ्या खेपेच्या ताटल्या निघाल्या आणि एकेक ताटली मी उजेडात फिरवून बघत बसले. मधोमध ओलं केलेल्या वावराचा काळा, आणि काठाला, जिथं लेप पातळ झाला होता तिथं, मधाचा रंग. सांगायला लाज कशाची, मला स्वतःचा अभिमान वाटला. भलताच वाटला.

प्रदर्शनाला बाबा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. आले ते थेट कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. नेमके तिथं आमच्या गावच्या शाळेचे जुने मास्तर भेटले. ते आता नागपुरातच राहतात.

"भाऊ, तुम्ही इकडं कसे? पोरगी तं सावंगीले दवाखान्यात हाय ना?"

मान वर न करता मी हातातली ताटली पुसत राहिले.

"नाई मास्तर," बाबा म्हणाले. "दवाखाना तिनं कवाचाच सोडला. मीच खोटं सांगत राह्यलो." मग त्यांनी टेबलावरची सगळ्यांत मोठी ताटली उचलून मास्तरांच्या हातात दिली. "हे तिचं काम हाय. नीट धरा."