अण्णाच्या इंजिनाचा नंबर

खंडेनवमीची दुपार. दसऱ्याची संध्याकाळ. दिवाळीनंतरची ती सकाळ, जेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. जबाबदार: कंट्रोल बॉक्स विकणारा नई सडकेवरचा दुकानदार, तो बॉक्स आदळआपट करत आणणारा पडाव भागातला पार्सलवाला, विजेचा दाब मनाला येईल तसा चढवणारे-उतरवणारे वीजखाते, आणि चौथा — माझा थोरला भाऊ, अण्णा.

ही यादी मी कित्येक कार्यालयांना पाठवली आहे. पहिली तीन नावे लेखी, चौथे नेहमी तोंडी, आवाज खाली आणून. आपल्या मराठी मंडळाच्या अंकात ती आज पुन्हा देतो, कारण ती खोटी आहे. ती खोटी आहे हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हते. ती गेली — तिला न सांगताच मी तिला निरोप दिला. आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखता: ग्वाल्हेरच्या कोर्टात हयात घालवलेला, कुणाची चूक दिसली की नोटीस धाडणारा माणूस. माझ्या पत्रांना तुम्ही हसलाही असाल. हसा. पण आधी ऐका.

दर्पण कॉलनीत आमचे घर दोन मजली. खाली अण्णा आणि वहिनी, वर मी. अण्णा पॉलिटेक्निकात विजेचा विषय शिकवत असे. आमच्या लहानपणी जी छोटी लाईन डबे हलवत शेतांतून जायची, ती बंद पडली तेव्हा मी रेल्वेला पत्रे लिहिली. अण्णाने पत्रे लिहिली नाहीत. त्याने पुढच्या खोलीत प्लायवूडचे मोठे टेबल मांडले आणि ती लाईन पुन्हा बांधायला घेतली. रूळ, स्टेशन, काड्यांचा उंच पूल. इंजिन तर त्याने पितळी पत्रा कापून स्वतः घडवले. त्याचे धुराडे किंचित वाकडे होते, आणि ते वाकडेच राहू दे असा त्याचा हट्ट होता. टेबलाखाली लाल-काळ्या तारांचे जाळे. मी तारा सोलायचो, तो सोल्डर करायचा. मी एकदा जोड कच्चा सोडला तेव्हा म्हणाला, "वकीलसाहेब, तारेला तारीख नाही देता येत. आत्ता जोड."

त्या गाडीची करामत समजावून सांगितल्याशिवाय माझा अपराध तुम्हाला कळणार नाही. सगळ्या रुळांत वीज एकच, सतत. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप, चिपला एक नंबर. कंट्रोल बॉक्सवर तो नंबर लावून बटन फिरवले की रुळांतून हुकूम जातो, आणि ज्याचा नंबर तेच इंजिन हलते. बाकीची उभी राहतात. नंबर बदलता येतो. पण नंबर लिहिताना बॉक्स कुणाला नावाने हाक मारत नाही — त्या वेळी रुळावर जे जे उभे असेल ते ते नवा नंबर घेते. म्हणून अण्णाने डोंगरामागे एक तुटक रूळ वेगळा ठेवला होता. नवे इंजिन तिथे न्यायचे, कडेचा स्विच फिरवायचा, बाकी सगळे रूळ बॉक्सपासून तोडायचे, आणि मगच नंबर लिहायचा. या घरातला हा एकच कायदा त्याने केला होता. मी? मी आयुष्यभर कायद्यावर जगलो.

खंडेनवमीला अण्णा हत्यारांची पूजा मांडायचा. पणजोबांची तलवार कधीच कुणाकडे गेली होती. तिच्या जागी पक्कड, कटर, सोल्डरिंगचे यंत्र, हळद-कुंकू लावलेला कंट्रोल बॉक्स. आणि दसऱ्याला आपली मंडळी सोने द्यायला आली की अण्णाची गाडी आपट्याची पाने घेऊन टेबलभर फिरायची, प्रत्येकासमोर थांबायची. तुमच्यापैकी कित्येकांनी त्या डब्यातून पान उचलले आहे. तुम्हाला आठवत असेल.

त्या वर्षी मी स्वतःचे एक इंजिन मागवले होते. खंडेनवमीच्या दुपारी पूजा आटोपून अण्णा झोपला होता. मला धीर नव्हता. डोंगरामागे जायचे तर खुर्ची सरकवावी लागे, वाकावे लागे — कंटाळा आला. कंटाळा! यापेक्षा मोठे कारण मला हवे होते; ते नाही. मी इंजिन समोरच्याच रुळावर ठेवले आणि नंबर लिहिला.

नंबर पोचला की इंजिन जागच्या जागी एक हलका झटका देते. माझ्या इंजिनाने दिला. पुलाच्या तोंडाशी उभ्या पितळी इंजिनानेही दिला. स्टेशनात उभ्या अण्णाच्या दुसऱ्या दोन इंजिनांनीही.

मी पाहिले. हे वाक्य लिहिताना मी तीनदा थांबलो आहे. मी पाहिले — आणि टेबल हलले असेल, असे स्वतःला सांगून वर निघून गेलो.

दसऱ्याला खोली भरली होती. डब्यात पाने. अण्णाने त्याच्या इंजिनाचा नेहमीचा नंबर लावला, बटन फिरवले. काही नाही. आणखी फिरवले.

"अण्णा, लाल झंडी दिसली काय तुमच्या गाडीला?" मागून कुणीतरी म्हणाले.

"अरे यार, ही तर हलतच नाहीये," अण्णा पुटपुटला. "थांबा ना, बघतो मी."

"अहो, राहू द्या ना," वहिनी म्हणाल्या. "लोकं उभी आहेत केव्हाची."

त्या क्षणी मला सारे कळले होते. संशय नव्हे, कळले. एक वाक्य पुरे होते: अण्णा, थांब, मी काल चूक केली. मी टेबलाला टेकून उभा होतो, माझा हात त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. मी गप्प राहिलो. का? इतक्या लोकांसमोर? मी, दुसऱ्यांच्या चुका दाखवणारा?

अण्णाने, बघू तरी म्हणून, माझ्या इंजिनासाठी आम्ही दोघांनी ठरवून ठेवलेला नंबर लावला. बटन तसेच शेवटापर्यंत फिरवलेले. चारही इंजिने एकदम सुटली. पितळी इंजिन पुलावर चढले आणि समोरून माझे नवे कोरे इंजिन आले. आवाज फार मोठा झाला नाही. फरशीवर पितळ पडल्याचा तेवढा झाला, आणि मागोमाग आपट्याची पाने.

सगळे माझ्याकडे बघत नव्हते. कुणीच बघत नव्हते. तरी मी बोललो. "अण्णा, काल तूच नंबर बदलत होतास ना?"

या प्रश्नाचे नाव मला ठाऊक आहे. उत्तर साक्षीदाराच्या तोंडात घालणारा प्रश्न. समोरच्या वकिलाने विचारला असता तर मी तिथल्या तिथे हरकत घेतली असती. तिथे हरकत घ्यायला कुणी नव्हते. त्या उन्हाळ्यात अण्णा दोनदा गॅस सुरू ठेवून बाहेर गेला होता. एकदा शेजारच्यांचे नाव विसरला होता. हे मला माहीत होते, आणि प्रश्न विचारताना ते मला माहीत होते.

अण्णा तुकडे गोळा करत होता. धुराडे मोडले होते. तो म्हणाला, "बदलले असतील रे. आठवत नाही." आणि मग वहिनींकडे असे पाहिले, जणू त्या त्याला कुठेतरी सोडून निघून जातील.

त्यानंतर तो टेबलाजवळ गेला नाही. स्कूटरची किल्ली त्याने आपणहून वहिनींच्या हाती दिली. कुलूप लावून परत ओढून पाहायचा, पुन्हा पाहायचा, मग मला वर हाक मारायचा: "बंडू, लागलंय का बघ रे, माझा भरवसा नाही." मी खाली येऊन कुलूप ओढायचो. लागलेलेच असे. डॉक्टरांनी विचारले, विस्मरण जाणवायला लागले कधी? अण्णाने दसऱ्याची संध्याकाळ सांगितली. पहिला पुरावा म्हणून. मी शेजारच्या खुर्चीत होतो. डॉक्टरांनी लिहून घेतले.

मग मी पत्रे लिहू लागलो. दुकानदाराला, पार्सलवाल्याला, वीजखात्याला. बॉक्स सदोष होता, दाब सदोष होता — जाहीर उत्तर द्या! तुम्ही म्हणालात, भावासाठी किती झगडतो. दुकानदाराने बॉक्स तपासून ठीक असल्याचे कळवले, तेव्हा मी त्याला अधिक कडक पत्र लिहिले. मला त्याचा खरोखर राग आला होता. एवढे खोटे मी स्वतःशी पाळले.

आजार यायचा तो आलाच असता, असे डॉक्टर म्हणतील. म्हणोत. तो येण्यापूर्वी अण्णाकडे स्वतःवरच्या विश्वासाचे काही दिवस शिल्लक होते. ते मी घेतले.

गेल्या महिन्यात मी खाली जाऊन त्याच्याजवळ बसलो आणि सगळे सांगितले. नंबर, झटका, प्रश्न. तो लक्ष देऊन ऐकत होता. आता त्याला वहिनी नेहमी ओळखू येत नाहीत, पॉलिटेक्निक आठवत नाही, छोटी लाईन आठवत नाही. माझे बोलून झाल्यावर त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "साहेब, माझ्याकडून गाडी पडली. सगळ्यांची पानं सांडली. माफ करा हं."

तो हे सगळ्यांना सांगतो. दूधवाल्याला, नर्सला. सारे पुसून गेले. मी घातलेले तेवढे राहिले. ते आता कुणालाच काढता येणार नाही.

दुकानदार, पार्सलवाला, वीजखाते — तिघांवरच्या माझ्या तक्रारी मी मागे घेत आहे. चौथे नाव मी कागदावर कधी लिहिलेच नव्हते, त्यामुळे ते मागे कसे घ्यावे हे मला ठाऊक नाही. म्हणून येत्या दसऱ्याला, त्या संध्याकाळी जे जे खोलीत होते, त्यांनी मंडळाच्या सभागृहात उभे राहून मला तोच प्रश्न विचारावा, आणि मी तिथेच, सर्वांसमक्ष उत्तर द्यावे, अशी माझी माझ्याविरुद्ध मागणी आहे. नंबर कोणी बदलले?

मी.

अण्णाला त्या दिवशी सभागृहात आणू नका. तो माझ्या आधी उत्तर देईल.